सर्ज टांकियन: हा टाहो कुठून येतो?

आपल्याकडे आडनावाच्या शेवटी 'कर' आलं की माणसाचं गाव कळतं. आर्मेनियन आडनावाच्या शेवटी 'यन' येतं. त्यातून गाव कळत नाही, कूळ कळतं. अमक्याच्या वंशातला, एवढंच. 'सिस्टम ऑफ अ डाउन' या अमेरिकी रॉक बँडमधली चारही नावं या 'यन'वर संपतात. गायक सर्ज टांकियन, गिटार वाजवणारा आणि गाणारा डॅरन मलाकियन, बास गिटारवर शावो ओदाजियन, ड्रमवर जॉन दोलमायन. सर्ज आणि जॉन जन्मले लेबनॉनमधल्या बैरुतमध्ये, शावो आर्मेनियाच्या राजधानीत येरेवानमध्ये, डॅरन हॉलिवूडमध्ये. चार माणसं, तीन देश, आणि भाषा मात्र एक. असं का, हे नीट कळलं की या बँडचं संगीत आणि सर्जचं राजकारण दोन्ही उलगडतात. ते कळलं नाही, तर उरतो नुसता मोठा आवाज.

सर्जचा जन्म २१ ऑगस्ट १९६७ चा. त्याचे चारही आजी-आजोबा तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात १९१५ साली झालेल्या आर्मेनियनांच्या वंशसंहारातून वाचलेले. आईकडचे आजोबा स्तेपान हायतायान आजच्या मध्य तुर्कस्तानातल्या कायसेरी शहराजवळच्या एफकेरे गावचे. लहानपणीच अनाथ झालेले हे आजोबा पुढे लेबनॉनमध्ये पोचले. म्हणजे सर्जचं कुटुंब बैरुतमध्ये होतं ते काही तिथलं मूळचं म्हणून नव्हे. ती वाटेतली छावणीच होती, फक्त दोन पिढ्या टिकली. १९७५ साली लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि हे बिऱ्हाड पुन्हा उठलं, या वेळी लॉस एंजेलिसला. सर्ज तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता.

हॉलिवूडमधल्या एका आर्मेनियन शाळेत तो शिकला. डॅरन आणि शावोही त्याच शाळेतले, पण वयानं सात-आठ वर्षांनी लहान, त्यामुळे शाळेत ओळख झाली नाही. ती झाली १९९२ च्या सुमारास, एकाच स्टुडिओत तालीम करताना. मधल्या काळात सर्जनं मार्केटिंगची पदवी घेतली आणि दागिन्यांच्या व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणारी स्वतःची कंपनी चालवली. वाद्याला त्यानं हात लावला तोच मुळी कॉलेजच्या वयात. बँड उभा राहिला १९९४ मध्ये, पहिला अल्बम आला १९९८ मध्ये, म्हणजे त्याच्या एकतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. रॉक संगीतात हे वय उशिराचं. पण त्याच्या लिखाणातला ठामपणा मला या उशिरातूनच आलेला दिसतो. सांगायचं काय ते ठरल्यावर तो माइकसमोर आला.

परदेशी आर्मेनियन म्हटलं की सगळे एकाच कारणानं पांगले असं समजू नये. एक जुनी फळी व्यापाऱ्यांची होती. इराणमधल्या जुल्फाहून निघालेले हे लोक सुरत, मुंबई, कोलकाता, चेन्नईपर्यंत आले. मुंबईच्या फोर्टात, पूर्वीच्या मेडोज स्ट्रीटवर, १७९६ सालचं सेंट पीटर आर्मेनियन चर्च आजही उभं आहे. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'अझ्दारार' १७९४ साली निघालं तेही चेन्नईत. ती माणसं धंद्यासाठी, आपल्या मर्जीनं आली होती. सर्जच्या आजोबांची फळी हाकललेल्यांची आहे. बैरुत, अलेप्पो, पॅरिस, लॉस एंजेलिस या साखळीतला बहुतेक प्रत्येक दुवा १९१५ शी जाऊन जुळतो.

एका शब्दाचं वजन

१९१५ साली ऑटोमन साम्राज्यात जे झालं त्याला एक क्रम होता. सैन्यात घेतलेल्या आर्मेनियन पुरुषांची शस्त्रं आधी काढून घेतली, त्यांना ओझी वाहायच्या आणि रस्ते बांधायच्या तुकड्यांत टाकलं, आणि पुढे त्यांतल्या बहुतेकांना मारलं. २४ एप्रिलच्या रात्री कॉन्स्टँटिनोपलमधून, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधून, लेखक, पत्रकार, धर्मगुरू, पुढारी अशा दोनशेहून अधिक जणांना उचललं. लढू शकणारे हात आणि बोलू शकणारी तोंडं अशी सुरुवातीलाच बाजूला झाली. मेअखेर हद्दपारीचा कायदा आला आणि गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे, देर एझ-झोरच्या दिशेनं पायी हाकलली गेली. त्यात उरले होते ते मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारे. भूक, तहान, साथी आणि वाटेतल्या कत्तली यांतून जे वाचले ते सीरिया-लेबनॉनमधल्या अनाथालयांत आणि छावण्यांत पोचले. मृतांचा आकडा आर्मेनियन बाजू १५ लाख सांगते. इतिहासकारांचे अंदाज साधारण ६ लाख ते १५ लाख या पट्ट्यात आहेत.

तुर्कस्तान माणसं मेल्याचं नाकारत नाही, हे आधी लक्षात घ्यावं. युद्धात दोन्हीकडचे लोक मेले, हद्दपारी सुरक्षेसाठी होती, एक अख्खा समाज संपवण्याचा हेतू नव्हता, अशी त्याची भूमिका आहे. भांडण आहे ते 'हेतू' या एका शब्दावर. राफाएल लेमकिन या कायदेपंडितानं १९४४ साली 'जेनोसाइड' हा शब्द घडवला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ज्यूंच्या जोडीला आर्मेनियनही होते. १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात त्या शब्दाची व्याख्या झाली, आणि तिचा कणा आहे एखादा समूह नष्ट करण्याचा हेतू. मराठी वर्तमानपत्रं सरसकट 'नरसंहार' लिहितात, तिथे हा कणाच निसटतो. नरसंहार म्हणजे माणसांची मोठी कत्तल. वंशसंहार म्हणजे तो समाज पुन्हा उभाच राहू नये या इराद्यानं केलेली कत्तल. म्हणून या लेखात दुसरा शब्द वापरला आहे.

आर्मेनियन लोकांचा स्वतःचा जुना शब्द आहे 'मेद्स येघेर्न', म्हणजे महासंकट, महाअपराध. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी पुढे हाच शब्द आडोसा म्हणून वापरला. बराक ओबामांनी २००८ च्या प्रचारात 'जेनोसाइड' म्हणण्याचं वचन दिलं आणि सत्तेत आल्यावर दर २४ एप्रिलला 'मेद्स येघेर्न' म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार ज्यांच्या घरात आजोबांनी सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्यांना किती लागला असेल!

सर्जच्या राजकारणाचं मूळ इथे आहे. त्यानं मुलाखतींत अनेकदा हे सांगितलं आहे. घरात जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक, ती स्वतःला लोकशाही म्हणवणारा देश लष्करी सोयीसाठी मान्य करत नाही, तर मग हाच देश आणखी कायकाय झाकत असेल, असा प्रश्न त्याला तरुणपणी पडला. तुरुंग, तेल, युद्ध, अमली पदार्थांविषयीचे कायदे हे त्याचे सगळे विषय या एका प्रश्नाला फुटलेल्या फांद्या आहेत. म्हणूनच 'या बँडची सगळी गाणी वंशसंहारावर आहेत' हा समज चुकीचा ठरतो. त्यावर थेट बेतलेली गाणी बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पहिल्या अल्बमचा शेवट करणारं 'पी.एल.यू.सी.के.' हे त्यातलं सर्वांत उघड, आणि २००५ चं 'होली माउंटन्स' हे सर्वांत शोकाकुल. बाकीच्या गाण्यांत वंशसंहार विषय म्हणून येत नाही. संशय घेण्याची सवय म्हणून येतो.

आवाज कसा बनला आहे

आधी गिटार. नेहमीच्या गिटारची सर्वांत जाड तार 'ई'ला लावलेली असते. 'टॉक्सिसिटी' या २००१ च्या अल्बमवर ती दोन पूर्ण स्वरांनी उतरवून 'सी'ला आणली आहे आणि बाकीच्या पाच तारा एकेक पूर्ण स्वर खाली. जाडीकडून बारीकडे म्हणायचं तर सी, जी, सी, एफ, ए, डी. फायदा असा की खालच्या तीन तारा एकाच बोटानं एकाच पट्टीवर दाबल्या की षड्ज-पंचमाची भरीव जोडी वाजते. हात मोकळा राहतो आणि जड आवाजातही झटक्यात जागा बदलता येते. नेहमीच्या जाडीच्या तारा ठेवून हे करायला गेलात तर तारा सैल पडतात, सूर हलतो आणि वाजतो तो नुसता खडखडाट. शिकणारे पहिल्यांदा हमखास इथे फसतात. तारा जाड घ्याव्या लागतात आणि मग गिटारची मान व तारांची उंची पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

मग ताल. 'टॉक्सिसिटी' हे शीर्षकगीत सहाच्या चालीत झुलतं. दादरा कानात असलेल्या माणसाला ते लगेच लागेल. सहाची चाल आर्मेनियन नाचांत फार सापडते. रॉकमध्ये मुख्य चाल चाराची, त्यामुळे पाश्चात्त्य श्रोत्याला जिथे ठेच लागते तिथे आपली मान सहज डोलते.

आणि गळा. सर्जच्या गाण्यात तीन आवाज आहेत. एक कुजबुज आणि तोंडानं फाडफाड शब्द फेकणं, दुसरा घशातून काढलेला टाहो, तिसरा लांब, ताणलेला, किंचित थरथरणारा सूर. हा तिसरा आर्मेनियन चर्चमधून आणि घरातून आला आहे. त्याचे वडील खाचादूर स्वतः गाणारे. २०१२ मध्ये त्यांच्या गाण्यांचा अल्बमही निघाला. आर्मेनियन गाण्यात कोमल रिषभावरून शुद्ध गांधारावर पडणारी लांब उडी वारंवार भेटते. पूर्वांगात भैरव आणि उत्तरांगात भैरवी असलेला आपला बसंत मुखारी ज्यांनी ऐकला आहे त्यांना ही छटा परकी वाटणार नाही. सर्जच्या वर किंवा खाली डॅरनचा काहीसा नाकातला, टोकदार आवाज लागतो आणि लांबलेल्या ओळी दोन गळ्यांनी एकदम गायल्या जातात. आघाती वाद्यं थांबून हे दोन गळे उघडे पडतात, त्या क्षणी हा बँड इतरांपासून वेगळा ओळखू येतो.

आर्मेनियन लोकगीतं आज गायला उरली त्याचं मोठं श्रेय कोमितास या साधू-संगीतकाराला जातं. त्यानं गावोगाव फिरून हजारो गाणी उतरवून घेतली. २४ एप्रिल १९१५ ला उचललेल्यांत तोही होता. तो जिवंत परतला, पण मन कायमचं मोडलं, आणि १९३५ मध्ये पॅरिसमध्ये एका मनोरुग्णालयात वारला. गाणी जमवणाऱ्यालाच त्या रात्री उचललं होतं, हे ठाऊक असलेल्या माणसाला सर्जच्या गळ्यातला तो थरथरणारा सूर निराळा ऐकू येतो.

'चॉप सुई!' या सर्वांत गाजलेल्या गाण्यात हे तिन्ही आवाज साडेतीन मिनिटांत ऐकायला मिळतात. त्याचं मूळ नाव 'सुइसाइड' होतं. रेडिओवर अडचण होईल म्हणून बदललं. शेवटाकडची आर्त ओळ बायबलमधल्या येशूच्या क्रुसावरच्या उद्गारांवरून आली आहे. सर्जला तिथे शब्द सुचत नव्हते, तेव्हा निर्माता रिक रूबिननं त्याला कपाटातलं कुठलंही पुस्तक काढून कुठलंही पान उघडायला सांगितलं, आणि हाती आलं ते हे.

अल्बम पहिला, लेख गायब

'टॉक्सिसिटी' ४ सप्टेंबर २००१ ला बाजारात आला. ज्या आठवड्यात तो अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला, त्याच आठवड्यात ११ सप्टेंबरचे हल्ले झाले. अकराशेहून जास्त रेडिओ केंद्रं असलेल्या एका कंपनीनं दीडशेच्या वर 'अयोग्य' गाण्यांची यादी फिरवली. 'चॉप सुई!' त्यात होतं.

त्याच दिवसांत सर्जनं बँडच्या वेबसाइटवर 'अंडरस्टँडिंग ऑइल' हा लेख टाकला. अमेरिकेचं मध्यपूर्वेतलं तेलाचं राजकारण आणि हे हल्ले यांचा संबंध तपासायला हवा, असं त्याचं म्हणणं होतं. हल्ल्याचं समर्थन त्यात नव्हतं. पण राख अजून गरम होती, आणि ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं. रेकॉर्ड कंपनीनं लेख काढून टाकला, धमक्या आल्या, बँडमधल्या बाकीच्यांनाही ते जड गेलं. मला हा लेख धाडसाचा वाटतो आणि त्याची वेळ चुकलेलीही. पण त्याच्या घराण्याकडे पाहिलं तर लेख समजतो. 'आत्ता ही वेळ नाही' हे वाक्य आर्मेनियन माणसानं तोवर ८६ वर्षं ऐकलेलं होतं.

पुढच्या वर्षी त्यानं गिटारवादक टॉम मोरेलो याच्याबरोबर 'अ‍ॅक्सिस ऑफ जस्टिस' ही संस्था काढली. काम साधं होतं. मैफलींच्या जागी स्थानिक संघटनांची टेबलं लावायची, म्हणजे गाणं ऐकायला आलेल्या पोराला तिथल्या तिथे काम करणाऱ्या माणसांशी बोलता येईल. १५ फेब्रुवारी २००३ ला जगभर इराक युद्धाविरुद्ध मोर्चे निघाले. त्यांची दृश्यं घेऊन 'बूम!' या गाण्याचा व्हिडिओ माहितीपटकार मायकेल मूर यानं दिग्दर्शित केला. गरिबांच्या पोरांनाच युद्धावर का पाठवतात असा रोकडा प्रश्न विचारणाऱ्या 'बी.वाय.ओ.बी.'ला २००६ मध्ये ग्रॅमी मिळालं.

वॉशिंग्टनमध्ये ठराव कुठे अडतो

सर्जच्या कामातला सर्वांत कमी समजून घेतलेला भाग हा. 'अमेरिकेनं वंशसंहार मान्य करावा' ही मागणी भावनेची वाटते, पण ती पुढे सरकते किंवा अडते ती कामकाजाच्या नियमांत.

अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाचा एखादा सदस्य ठराव मांडतो. तो परराष्ट्रविषयक समितीकडे जातो. समितीत मंजूर झाला तर सभागृहात मतदानाला यायला तयार होतो, पण तो कामकाजपत्रिकेवर घ्यायचा की नाही हे सभापतीच्या हातात असतं. घोडं पेंड खातं ते इथेच. सभापतीनं ठराव फेटाळावा लागत नाही, नुसती तारीख दिली नाही तरी पुरतं. दोन वर्षांची मुदत संपली की तो आपोआप मरतो आणि नव्या सभागृहात सगळं पहिल्यापासून. तारीख न देण्यामागचं कारणही उघड होतं. तुर्कस्तान नाटोचा सदस्य, आणि तिथला इन्जर्लिक हवाई तळ अमेरिकेला हवा. मजा म्हणजे असा ठराव कायदा नसतोच. त्यानं कुणाला शिक्षा होत नाही की भरपाई मिळत नाही. तरीही तुर्कस्तान राजदूत परत बोलावतं, यावरून शब्दाचं वजन कळावं.

ऑक्टोबर २००० मध्ये सभापती डेनिस हॅस्टर्ट यांनी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या विनंतीवरून ठराव ऐनवेळी मागे घेतला. सप्टेंबर २००५ मध्ये समितीनं पुन्हा मंजुरी दिली, आणि पुन्हा तारीख मिळेना. म्हणून २७ सप्टेंबर २००५ ला सर्ज आणि त्याचे सहकारी हॅस्टर्ट यांच्या मतदारसंघात, इलिनॉयमधल्या बटेव्हिया गावी, त्यांच्या कार्यालयासमोर जमले. राजधानीत न जाता मतदारसंघात जाणं ही जाणत्याची चाल होती. मंजुरी समितीकडून आधीच मिळाली होती, दाबायचं होतं ते तारीख देणारं बोट. पुढे कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदभवनाच्या, घुमटाखाली सर्जनं हॅस्टर्ट यांना गाठलं आणि आजोबांचा दाखला देत हातात पत्र ठेवलं. हा प्रसंग कार्ला गारापेदियन यांच्या २००६ च्या 'स्क्रीमर्स' या माहितीपटात आहे. म्हातारे झालेले स्तेपान आजोबाही त्यात स्वतःच्या तोंडून बोलतात.

तारीख तेव्हाही मिळाली नाही. २००७ मध्ये समितीत २७ विरुद्ध २१, २०१० मध्ये २३ विरुद्ध २२ अशी मंजुरी झाली, आणि दोन्ही वेळा गाडी तिथेच थांबली. अखेर तुर्कस्ताननं उत्तर सीरियात सैन्य घुसवल्यावर वॉशिंग्टनचं मन फिरलं. २९ ऑक्टोबर २०१९ ला प्रतिनिधीगृहात ठराव ४०५ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. ग्लेनडेलच्या बाजूचे, म्हणजे आर्मेनियन वस्तीतले, प्रतिनिधी अ‍ॅडम शिफ यांनी तो मांडला होता. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, तो एकमतानं नेण्याचा मार्ग धरला होता. त्या मार्गाची मेख अशी की एकानं जरी हरकत घेतली तरी विषय तिथेच संपतो. तीन वेळा तीन सिनेटरांनी हरकत घेतली; चौथ्या वेळी, १२ डिसेंबर २०१९ ला, कुणीच घेतली नाही. २४ एप्रिल २०२१ ला राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी तो शब्द अधिकृत निवेदनात वापरला.

येरेवान

आर्मेनियाचं स्वतःच्या भाषेतलं नाव हायास्तान. पण सर्जची भाषा आणि येरेवानमधली भाषा तंतोतंत एक नाही. हाकललेल्यांची ती पश्चिम आर्मेनियन, आजच्या आर्मेनियात चालते ती पूर्व. लिपी एक, पण अनेक व्यंजनांचे उच्चार उलटे होतात. येरेवानमधला हाकोब बैरुतमध्ये हागोप होतो, पेत्रोसचा बेद्रोस होतो. पश्चिम आर्मेनियनची नोंद युनेस्कोनं संकटात सापडलेल्या भाषांत केली आहे, आणि कारण उघड आहे. तिला स्वतःचा देश उरलेला नाही. त्यामुळे सर्जसारख्या माणसासाठी आर्मेनिया हे घर आहे आणि परगावही.

२३ एप्रिल २०१५ ला, शंभराव्या स्मरणदिनाच्या आदल्या दिवशी, बँडनं येरेवानच्या रिपब्लिक चौकात पहिल्यांदा गाणं केलं. फुकट, दोन तासांहून जास्त, भर पावसात. त्या दिवशी आर्मेनियन चर्चनं वंशसंहारातल्या मृतांना संतपद दिलं होतं आणि संध्याकाळी १९ वाजून १५ मिनिटांनी घंटा वाजवल्या होत्या. दुसऱ्या कुणी ही मैफल नुसत्या शोकाची केली असती. सर्जनं गाण्यांच्या मधल्या वेळात आर्मेनियातल्याच अन्यायावर बोट ठेवलं, देश सोडून जाणाऱ्यांबद्दल बोलला. इतरांच्या सरकारांना धारेवर धरणाऱ्यानं आपल्या सरकारासमोर मूग गिळून बसू नये, हे त्यानं पाळलं. २०१३ च्या निवडणुकीनंतर त्यानं राष्ट्राध्यक्ष सर्झ सार्गस्यान यांना जाहीर पत्र लिहिलं होतं, २०१७ मध्ये तो निवडणूक निरीक्षकांत होता. एप्रिल २०१८ मध्ये, दहा वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेले सार्गस्यान पंतप्रधान होऊन सत्तेत राहू पाहत होते, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि २३ एप्रिलला त्यांना जावं लागलं. ८ मे रोजी निकोल पशिन्यान पंतप्रधान झाले. सर्ज आदल्याच दिवशी येरेवानच्या गर्दीत पोचला होता.

यानंतरचा भाग दुखरा आहे. नागोर्नो-काराबाख, आर्मेनियन नाव आर्त्साख, हा प्रदेश आंतरराष्ट्रीय कायद्यानं अझरबैजानचा, वस्ती २०२३ पर्यंत बहुतांश आर्मेनियन. १९९०च्या दशकातल्या पहिल्या युद्धात आर्मेनियन बाजूनं तो आणि आजूबाजूचे जिल्हे घेतले, आणि लाखो अझरबैजानी तिथून विस्थापित झाले. ही बाजू सर्जच्या बोलण्यात फारशी येत नाही. त्याच्याविषयी आस्था असणाऱ्यानंही ती ध्यानात ठेवावी. २७ सप्टेंबर २०२० ला अझरबैजाननं मोठा हल्ला केला आणि ४४ दिवसांचं युद्ध झालं. ६ नोव्हेंबरला बँडनं दोन नवी गाणी काढली, १५ वर्षांनंतरची पहिली. श्रेय, हिस्सा आणि गाणी कुणाची घ्यायची यावरचे जुने वाद बाजूला ठेवून चौघे एकत्र आले आणि आर्मेनिया फंडासाठी ६ लाखांहून जास्त डॉलर जमले. चौथ्याच दिवशी शस्त्रसंधी झाली, आर्मेनियन बाजू हरली. २०२२ च्या डिसेंबरपासून आर्त्साखकडे जाणारा एकमेव रस्ता अडवला गेला. २ सप्टेंबर २०२३ ला 'इमॅजिन ड्रॅगन्स' हा अमेरिकी बँड अझरबैजानच्या राजधानीत, बाकूमध्ये गायला. तो कार्यक्रम रद्द करावा म्हणून सर्जनं जाहीर विनंती केली होती. १९ सप्टेंबरला शेवटचा हल्ला झाला आणि काही दिवसांत एक लाखाहून जास्त आर्मेनियन घरंदारं सोडून निघाले.

चौघांचं सगळं राजकारण एक आहे असंही मानू नये. ड्रमर जॉन दोलमायन अमेरिकी राजकारणात उजवीकडचा, ट्रम्प यांच्या बाजूनं उघड बोलणारा, सर्ज डावीकडचा. दोघे एकमेकांचे साडू आहेत. वंशसंहार आणि आर्त्साख या दोन विषयांवर मात्र त्यांचा सूर एक लागतो.

ऐकायला सुरुवात कुठून करावी

पहिल्या अल्बमपासून सुरू केलं तर बरेच जण दुसऱ्या गाण्यालाच सोडून देतात, कारण कानाला उसंत मिळत नाही. आधी 'टॉक्सिसिटी' शीर्षकगीत घ्या आणि बोटांनी सहा मात्रा मोजा. मग 'चॉप सुई!', एकदा नुसता सर्ज ऐका, एकदा नुसता डॅरन. मग 'होली माउंटन्स'. त्यातला डोंगर म्हणजे अरारात. आर्मेनियाच्या राजमुद्रेवर तो आहे, येरेवानच्या खिडक्यांतून रोज दिसतो, आणि उभा आहे तुर्कस्तानच्या हद्दीत. यानंतर 'पी.एल.यू.सी.के.' ऐकलंत तर त्यातला संताप कशावरचा हे सांगावं लागणार नाही. सर्जचा एकट्याचा अल्बम हवा असेल तर २००७ चा 'इलेक्ट द डेड', आणि तोच २०१० मध्ये ऑकलंडच्या वाद्यवृंदाबरोबर केलेला. हीच गाणी विजेच्या गिटारीवाचून कशी उभी राहतात ते त्यात दिसतं.

शेवटी 'एरियल्स'. त्याचं सीडीवरचं रूप सहा मिनिटांच्या थोडं वर आहे. चार मिनिटांच्या आत संपत असेल तर तुमच्याकडे छाटलेलं रूप आहे, पूर्ण शोधा. गाणं संपल्यावर पुढे जाऊ नका. तिथे 'आर्टो' नावाचा लपवलेला तुकडा आहे. इस्तंबूलजवळ वाढलेला आर्मेनियन वादक आर्टो तुंचबोयाजियान त्यात बँडबरोबर आहे, आणि चाल आहे 'देर वोघोर्म्या', म्हणजे 'प्रभो, दया कर' या चर्चमधल्या प्रार्थनेची. येरेवानमध्ये तिला 'तेर' म्हणतील. 'देर' हा उच्चार बैरुतचा, हाकललेल्यांचा. तुकड्यात इंग्रजी शब्द एकही नाही, ओरडणं नाही.